पावलावरचा खड्डा

इंग्लंडहून आम्ही चौघं येलदरीला लहान मुलांचं आरोग्य शिबिर घ्यायला गेलो, ते डिसेंबरात. मुलांना नाताळची सुट्टी होती, एवढंच कारण. माझं माहेर जिंतूरचं. पूर्णेवरचं धरण भरलं की लहानपणी वडील आम्हाला येलदरीला न्यायचे, त्या ओढीनं गाव ठरलं. नवरा हाडांचा डॉक्टर, मी फार्मसिस्ट, मुलगा 15 वर्षांचा आणि मुलगी 12. सोबत बॅगा भरून औषधं.

पहिल्याच सकाळी गावातल्या आशाताई (आशा स्वयंसेविका) म्हणाल्या, "ताई, तांड्यावरची लेकरं तर दिवाळीलाच कारखान्याकडं गेली. आता उन्हाळ्यात येतील." मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या केव्हाच ऊसतोडीला गेल्या होत्या. ज्या लेकरांसाठी आम्ही समुद्र ओलांडला, ती कुठल्यातरी फडाशेजारी कोपीत झोपत होती. त्या तालुक्यात वाढूनही मी हे विसरले, याचं मला फार वाईट वाटलं.

मग नोंदणीचा प्रश्न आला. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नवऱ्यानं ते केलेलं नव्हतं, म्हणून त्यानं कुणालाही तपासलं नाही, आणि तेच योग्य होतं. इंग्लंडमधला परवाना इथे चालत नाही. तुम्हीही असं शिबिर घ्यायला येणार असाल तर हे काम सहा महिने आधी हाती घ्या.

गावात राहिलेली लेकरं आम्ही तरीही बोलावली. मुलगा वजन करायचा, मुलगी वहीत लिहायची, आणि मी प्रत्येक आईच्या हातात लोहाच्या औषधाची बाटली ठेवायची. दीड वर्षाचा एक मुलगा काट्यावर बसला. गाल भरलेले, वजनही बरं. मुलीनं वहीत बरोबरची खूण केली. आशाताईंनी त्याला अलगद उचलून मांडीवर घेतलं आणि दोन्ही पावलांवर अंगठे दाबून धरले. अंगठे काढले, तरी खड्डे तसेच राहिले.

"लेकरू गुटगुटीत नाही हो ताई, सुजलंय."

काट्यानं मोजलं ते अंगात साठलेलं पाणी होतं. मग त्यांनी दंडाला रंगीत पट्टी लावली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. दोन्ही पावलांना अशी सूज असली, तर पट्टी काहीही सांगो, मूल दवाखान्यातच हवं. अशा मुलाला उपचाराच्या सुरुवातीला लोहाचं औषध देत नाहीत, ते बाधू शकतं. बाटली त्याच्या आईच्या हातात मी पाच मिनिटांपूर्वी दिली होती. औषधांत आयुष्य गेलेली मी. ती परत मागून घेताना माझे हात कापत होते.

त्या संध्याकाळी आशाताई मायलेकरांना घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात गेल्या. तिथे दोन आठवडे राहावं लागतं. घरी आणखी दोन लेकरं आणि आईची बुडणारी मजुरी, या अडचणी आमच्या एकाही बॅगेत बसणाऱ्या नव्हत्या.

म्हणून सांगते, औषधं आणू नका. जंताची गोळी शाळा-अंगणवाडीत मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतं. आधी आशाताई, अंगणवाडीताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना फोन करा, आणि कुठे अडतंय ते विचारा. उत्तर बहुधा गाडीभाडं, मजुरी, पाठपुरावा असंच येईल. आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत शिकून 1970 साली जामखेडला आलं, आणि त्यांनी गावातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. ते तिथेच राहिले, हा मोठा फरक आहे. आपण आठवडाभराचे पाहुणे.

मुलांना जरूर आणा. पण काटा त्यांच्या हाती देऊ नका, आणि लेकरांचे फोटो काढू देऊ नका.

आता आम्ही ऑगस्टमध्ये जातो, तेव्हा टोळ्या गावात असतात. केंद्रात राहणाऱ्या आयांच्या घरी दोन आठवड्यांचा किराणा पोचवायचा, एवढंच काम आम्ही घेतलंय. दर रविवारी मुलगी आशाताईंना फोन लावते आणि घरं किती ते त्याच वहीत लिहून घेते. या रविवारी दोन होती.