साध्या भिंगातून रानफुले

साताऱ्याजवळील कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. जांभ्या खडकावरील मातीचा थर तेथे अत्यंत पातळ आहे. तरीही ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत तो कातळ तेरडा, सोनकी, गेंद व सीतेची आसवे यांनी झाकून जातो. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात या पठाराचा समावेश झाला आणि कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढली.

सीतेची आसवे हे जांभळे फूल करंगळीच्या नखाएवढे असते. अशा फुलाचे मोठे छायाचित्र घेण्यास ‘मॅक्रो’ हे महागडे भिंग उत्तम. ते जवळ नसले की कित्येक जण पायवाट सोडून फुलांतच शिरतात. परंतु ही रोपे एका पावसाळ्याची असतात. बी धरण्यापूर्वी जे पायाखाली चिरडले, ते पुढील वर्षासाठी काहीच मागे ठेवत नाही. म्हणून वाटेवरूनच, हाती असलेल्या भिंगाने काय साधते, ते पाहू या.

१. दूरचे भिंग : ३०० मिलिमीटरच्या भिंगाने दीड-दोन मीटरांवरील फूल वाटेवरून टिपता येते. मागील गवत अस्पष्ट होऊन फूल उठून दिसते.

२. नेहमीचे भिंग : ५० मिलिमीटरचे भिंग साधारणतः ४५ सेंटिमीटरांहून जवळचे स्पष्ट दाखवीत नाही. कॅमेरा व भिंग यांच्यामध्ये २५ मिलिमीटरची पोकळ नळी बसवावी; मग एक सेंटिमीटरचे फूल आत निदान अर्धा सेंटिमीटर उमटते. नळीत काच नसल्याने ती स्वस्त असते. मात्र प्रकाश कमी होतो, हे ध्यानात ठेवावे. ही नळी वाटेच्या कडेच्या फुलांसाठीच वापरावी.

३. रुंद दृश्याचे भिंग : फूल लहान दिसले तरी त्याच्यासह कातळ, साचलेले पाणी व ढग दिसतात. सीतेची आसवे ही वनस्पती ओल्या मातीतील सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागविते. ती अशा निकस जागी का वाढते, हे केवळ पाकळीच्या चित्रावरून कळत नाही.

भिंग कोणतेही असो, कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणावा. वारा मंद असतो त्या सकाळच्या वेळी यावे, आणि तरीही फूल डोलत असेल तर उघडझापेचा वेग सेकंदाच्या १/२५० भागाइतका ठेवावा. मधले गवत उपटू नये. आपणच थोडे सरकावे.

मत्तय ६:२८ मध्ये रानातील फुलांविषयी जे ग्रीक क्रियापद योजिले आहे, त्याचा अर्थ केवळ ‘पाहा’ असा नाही. ‘नीट निरखून शिका’ असा आहे. असे शिकण्यास भिंगापेक्षा वेळ अधिक लागतो.

अभ्यासासाठी : कास सर्वांनाच जवळ नाही; परंतु पांढऱ्या फुलांचा तुंबा महाराष्ट्रापासून तमिळनाडूपर्यंत बांधाबांधांवर उगवतो. आपण कुंभकोणमजवळील मरुदानल्लूरला असा वा मराठवाड्यात, तुंब्याचे एकच रोप निवडावे. तीन दिवस, तीन वेळी, एकाच साध्या भिंगाने त्याचे छायाचित्र घ्यावे. तिसऱ्या दिवशी जे नव्याने दिसेल, ते वहीत लिहून ठेवावे.