वारशाने आलेल्या बागेतील अनोळखी फुलझाडे

सन १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. तथापि आजच्या गोंदिया जिल्ह्यात जुन्या घरांमागील बागा कित्येक कुटुंबांकडे वारशाने चालत आल्या आहेत. फेरफार होऊन जमीन वारसाचे नावे चढते. परंतु आजीने लावलेली वेल कोणती व कुंपणालगतचे झुडूप कोणते, ह्याची नोंद दप्तरात सापडत नाही. मग नवा धनी एक तर सर्व रान समजून उपटतो, किंवा न ओळखलेला कंद शिजवून खातो. पहिल्याने धन जाते; दुसऱ्याने प्राण जाण्याचा संभव असतो. म्हणून झाडे ओळखण्याची रीत येथे देत आहो.

पहिला नियम असा की, एक पूर्ण वर्ष काहीही उपटू नये. कारण कित्येक वेली पावसाळ्यात फुलून पुढे वाळतात, व उन्हाळ्यात त्यांचा कंद मात्र जमिनीत राहतो. प्रत्येक झाडाजवळ बांबूची खुंटी रोवून तिजवर अंक घालावा, आणि वहीत त्या अंकापुढे लिहावे : पाने समोरासमोर, एकाआड एक, की तीन-तीन मिळून, मोडल्यास चीक कसा, पाकळ्या व पुंकेसर किती, फूल केव्हा उमलते, फळ कसे. नुसत्या वेळेनेही पुष्कळ कळते. गुलबक्षी सायंकाळी उमलते; पारिजातक रात्री फुलून पहाटे सडा घालतो.

केवळ रंगावरून अगर बोलीतील नावावरून निर्णय करू नये. बिट्टीस लोक पिवळी कण्हेर म्हणतात. परंतु दोन्ही झाडे निराळी. कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीन मिळून येतात व शेंगा लांब असतात. बिट्टीची पाने एकाआड एक, चीक पांढरा व फळ हिरवे, गरयुक्त असते. दोहोंचे विष हृदयावर चालते. कण्हेरीची पाने वाळल्यावरही विषारी राहतात. म्हणून छाटलेल्या फांद्या वैरणीजवळ टाकू नयेत.

कळलावीकडे विशेष लक्ष द्यावे. हिच्या पानाचे टोक तणाव्याप्रमाणे वळून आधार धरते. सहा नागमोडी पाकळ्या मागे वळलेल्या असून प्रथम पिवळसर व पुढे तांबड्या होतात. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणूनच संस्कृतात हिला लांगली म्हणतात. ह्या कंदातील कोल्चिसीन प्राणघातक आहे. तो रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. उलट शतावरी काटेरी म्हणून उपटली जाते; वस्तुतः तिची सुईसारखी पाने, बारीक पांढरी सुवासिक फुले व बोटांएवढ्या मुळ्यांचा झुबका ही खूण औषधी धनाची होय.

शंका राहिल्यास पान, फूल व फळ असलेली डहाळी वर्तमानपत्रात दाबून, कागद रोज बदलून वाळवावी, आणि खुंटीचा अंक लिहून कृषी विज्ञान केंद्रात अथवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवावी. तेथून शास्त्रीय नाव मागून घ्यावे. लिनीअसने १७५३ साली रूढ केलेली ही दुहेरी नावे सर्व देशांत एकच चालतात. मोबाइलने छायाचित्रावरून सांगितलेले नाव तपासाचा आरंभ समजावा, निर्णय नव्हे.

नाव निश्चित होईपर्यंत कंद, बी वा पान मुखी घालू नये, गुरांपुढेही टाकू नये. वर्षअखेर ही वही जमिनीच्या कागदांबरोबर ठेवावी, म्हणजे पुढील वारसास बाग व तिची ओळख दोन्ही एकत्र मिळतील.