थेंबभर तेल आणि हट्टी धातू

बीदरच्या कारागिराला बिदरीची सुरई घडविताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना मिश्रधातू म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पुष्कळसे जस्त आणि थोडे तांबे एकत्र वितळविले, की बिदरीचा धातू तयार होतो. एरंडेल व राळ घालून मळलेल्या मातीच्या साच्यात तो ओततात. मग मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरता काळा करून त्यावर छिन्नीने नक्षी कोरतात व तीत चांदी बसवितात. हा धातू हाताने कोरता येतो, इतका तो सालस आहे. परंतु सर्वच मिश्रधातू असे नसतात.

आपल्या शेजारच्या हैदराबाद शहरात १९७३ साली स्थापन झालेला मिश्र धातु निगम हा सरकारी कारखाना आहे. विमाने व अग्निबाण यांना लागणारे टायटॅनियमचे आणि निकेलचे मिश्रधातू तेथे तयार होतात. शंभर भागांत सुमारे ९० भाग टायटॅनियम, ६ भाग अॅल्युमिनियम व ४ भाग व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू यांत विशेष प्रसिद्ध आहे. तो हलका आणि बळकट आहे. पण लेथवर कापावयास मोठा हट्टी!

या हट्टाचे कारण उष्णतेत आहे. धातू कापताना उष्णता निर्माण होते. साध्या पोलादात ती चटकन पसरते. टायटॅनियमचा हा मिश्रधातू मात्र पोलादाच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकीच उष्णता वाहून नेतो. त्यामुळे ती हत्याराच्या टोकाशीच साचते, धातू हत्याराला चिकटू लागतो आणि धार लवकर जाते.

यावर जुना उपाय पाण्याचा. हत्यारावर पाण्याची धार सोडल्यास कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढविता येतो, असे टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. पुढे पाण्यात खनिज तेल मिसळून दुधासारखे पांढरे ‘कूलंट’ वापरात आले. दर मिनिटाला कित्येक लिटर कूलंट यंत्रावर वाहते. ते फिरून फिरून वापरतात. काही काळाने त्यात जंतू वाढतात व दुर्गंधी येते. नित्य संपर्काने कामगारांच्या हातांना खाज व चट्टे येतात. शुद्ध न करता ते ओढ्यात सोडले, तर पाणी नासते. भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतून टर्नरचे काम शिकून कारखान्यांत जाणाऱ्या मुलांच्या हातांचा हा प्रश्न आहे, हे आम्हांस विसरता येत नाही.

म्हणून आता ‘अल्पमात्रा वंगण’ ही पद्धत पुढे आली आहे. यात दाबाखालील हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म तुषार नेमके हत्याराच्या टोकाशी सोडतात. तासाला साधारणतः १० ते १०० मिलिलिटर तेल पुरते. ५० मिलिलिटर म्हणजे चहाचे अवघे दहा चमचे! हे तेल वनस्पतिजन्यही चालते. एरंडेलाच्या रेणूंची टोके धातूला घट्ट धरून राहतात व मध्ये निसरडा पापुद्रा तयार होतो. शिवाय मातीतील जंतू अशा तेलाचे सहज विघटन करतात.

विद्यार्थिमित्रहो, एक प्रयोग करून पाहा. कोरडे तळहात जोराने घासा, ते तापतील. मग एकच थेंब तेल लावून तितकेच घासा. फरक तुम्हांस लगेच कळेल.

तथापि हा उपाय सर्वगुणसंपन्न नाही. एरंडेल दाट असल्याने त्यात पातळ तेल मिसळावे लागते. वनस्पतितेले तापून चिकट होतात. तुषार श्वासावाटे छातीत जाऊ नयेत म्हणून हवा ओढून घेणारा पंखा हवा. तसेच तेल घर्षण कमी करते, पण पाण्याइतके थंड करीत नाही. म्हणून टायटॅनियम जोराने कापताना उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजनही सोडतात. तो काम करून पुन्हा हवेत मिसळतो. मात्र तो तयार करण्यास वीज बरीच लागते.

वंगणाची किंमत त्याच्या लोंढ्यात नसून ते योग्य जागी पोहोचण्यात आहे, हाच या साऱ्याचा मथितार्थ. आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या आसालाही घागरभर तेल कधी लागले नव्हते. उद्या तुमच्यापैकी कोणी यंत्रापुढे उभा राहील, तेव्हा त्याने धातूच्या धारेबरोबरच स्वतःचे हात आणि गावचे पाणी यांचीही काळजी वाहावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.