घरघर घालवा, अर्थिंग नव्हे

मलकापुरातल्या एका हरिनाम सप्ताहात मी साउंड सांभाळत होतो. कीर्तनाआधीच बॉक्समधून घरघर सुरू झाली. कुणी म्हणालं, रेल्वेची २५ हजार व्होल्टची लाइन जवळ आहे, तिचाच त्रास. पण गाडी येवो-जावो, आवाज तोच. तेवढ्यात मांडवातल्या एकाने अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची जाडी पिन काढून टाकली. घरघर थांबली, सगळे खूश झाले. पुढे एका टाळकऱ्याचा हात माइकच्या लोखंडी स्टँडला लागला आणि झटका बसून तो कोलमडला. सुदैवाने वाचला.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बॉडीत करंट आधीपासूनच उतरत होता. अर्थिंग तो जमिनीत नेत होतं. पिन गेल्यावर तोच करंट केबलच्या जाळीतून स्टँडपर्यंत पोचला. घरघरीचं मूळ वेगळंच होतं. मिक्सर स्टेजच्या बोर्डावर होता, अ‍ॅम्प्लिफायर देवळातल्या. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक होता, त्यामुळे केबलच्या जाळीतून करंट वाहत होता.

म्हणून आधी शोध घ्या. अ‍ॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरी घरघर राहिली तर दोष बहुधा त्याच्या आतच. थांबली तर मागून येतोय. मग आवाज कमी ठेवून एकेक केबल काढत जा. कानही लावा. अर्थिंगचा किंवा केबलचा हम बहुधा ५० हर्ट्झचा, खर्जातला असतो. पॉवर सप्लायचा कंडेन्सर सुकला की १०० हर्ट्झचा, एक सप्तक वरचा घुमतो. उष्णतेने कंडेन्सर लवकर सुकतात. साधारण १० अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मशीन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. चिरका आवाज असेल तर लायटिंगच्या माळा, डिमर एकेक करून बंद करा. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.

मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर घ्या. लांब अंतराला बॅलन्स्ड केबल वापरा. तरीही हम राहिला तर सिग्नलच्या लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. मशीन जाणकाराकडूनच उघडवा. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो.

सप्ताह असो वा गणपती, मंडळांनी मांडव उभारतानाच वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं आणि करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. घरघर सहन करून कार्यक्रम पार पाडता येतो; अर्थिंगशिवाय माइक कुणाच्याही हातात देऊ नका.