टायरचे वय : दिसणारी झीज आणि न दिसणारे वार्धक्य

गोव्यातील कितीतरी घरांच्या अंगणात एक मोटार वर्षभर आच्छादनाखाली उभी असते. घरधनी आखातात अथवा बोटीवर नोकरीला असतो. चतुर्थीच्या आधी तो रजेवर येतो, बॅटरी चार्ज करून घेतो, चाकांत हवा भरतो आणि टायरच्या खोल खाचांवर हात फिरवून समाधानाने म्हणतो, "टायर तर नव्यासारखे आहेत. गाडी धावलीच कुठे ?" मग चोर्ला घाटातून सहकुटुंब बेळगावला जाण्याचा बेत ठरतो.

हा हिशेब वरवर चोख वाटतो. पण त्यात एक चूक आहे. टायर रस्त्यावर धावून झिजतो, तसाच जागेवर उभा राहून म्हाताराही होतो. झीज डोळ्यांना दिसते. वार्धक्य पुष्कळदा दिसत नाही.

एक बोलके उदाहरण

या चुकीची किंमत किती भारी पडू शकते, हे इंग्लंडमधील एका अपघाताने दाखवून दिले. १० सप्टेंबर २०१२ रोजी आइल ऑफ वाइट बेटावरील संगीत महोत्सवाहून तरुण प्रवाशांना घेऊन परतणाऱ्या बसचा पुढचा टायर सरे परगण्यात फुटला. बस रस्ता सोडून झाडावर आदळली आणि चालकासह तिघे मृत्युमुखी पडले. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा असल्याचे चौकशीत आढळले. त्याच्या खाचा मात्र कायद्याला हव्या तितक्या खोल होत्या. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने पुढे अनेक वर्षे चिकाटीने मोहीम चालविली. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बस व मालमोटारींच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी आली.

रबर म्हातारे का होते ?

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधकासह तापवून त्याला टिकाऊ लवचीकपणा दिला. परंतु हा लवचीकपणा कायमचा नसतो. हवेतील प्राणवायू आणि उष्णता यांमुळे रबर हळूहळू कडक व ठिसूळ होते. ओझोन वायूमुळे पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. हे टाळण्यासाठी कारखान्यात रबरात मेण आणि संरक्षक रसायने मिसळतात. चाक फिरताना टायर दबतो व सैल होतो, तेव्हा ही द्रव्ये पृष्ठभागावर येतात. उभ्या मोटारीत ही क्रिया मंदावते. म्हणूनच कमी धावलेला टायर अधिक सुरक्षित असतो, असे गृहीत धरता येत नाही.

खरा धोका टायरच्या पोटात असतो. तेथे पोलादी तारांचे पट्टे रबरात बसविलेले असतात. रबर जुने झाले की ही पकड ढिली होते. कमी हवा, जादा ओझे, तापलेला रस्ता आणि वेग एकत्र आले म्हणजे वरचा थर सुटून टायर फुटू शकतो.

जन्मतारीख कशी वाचावी ?

प्रत्येक टायरच्या बाजूच्या भिंतीवर कोरलेल्या मजकुरात एका लहान चौकटीत इंग्रजी चार अंक असतात. पहिले दोन वर्षाचा आठवडा आणि शेवटचे दोन साल दर्शवितात. '३२१४' म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा, अर्थात ऑगस्टचा पूर्वार्ध. अंक तीनच असतील, तर टायर २००० सालापूर्वीचा आहे. तो तत्काळ काढावा. कधीकधी हे अंक आतील बाजूला असतात. अशा वेळी पंक्चरवाल्याकडे चाक काढून पाहावे. जुना टायर विकत घेताना हे अंक पाहणे विशेष अगत्याचे आहे. काळे पॉलिश लावून टायर चकाकतो, पण तरुण होत नाही.

महिन्यातून एकदा करावयाची तपासणी

१. खाचा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. त्यांच्या पातळीपर्यंत टायर झिजला, की तो बदलावा. उथळ खाचा रस्त्यावरील पाणी बाजूला सारू शकत नाहीत आणि पावसात चाक पाण्यावर तरंगू लागते.

२. भेगा : बाजूची भिंत व खाचांचा तळ उजेडात पाहावा. भेगा खोल असतील अथवा आतील धागे दिसत असतील, तर टायर बाद समजावा.

३. फुगवटा : भिंतीवर टेंगूळ दिसले, तर आतील धागे तुटलेले आहेत असे जाणावे. याला दुरुस्ती नाही.

४. हवा : टायर थंड असताना मोजावी. योग्य प्रमाण बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेले असते.

५. थरथर : हवा योग्य असूनही गाडी नव्याने थरथरू लागली, तर वेग कमी करून गाडी थांबवावी आणि टायर तपासून घ्यावेत.

स्टेपनीलाही हे सर्व नियम लागू आहेत. डिकीत न वापरता पडून राहिली, तरी तिचे वय वाढतच असते. आणि तिची गरज पडते ती नेमकी रात्री, घाटात.

किती वर्षे वापरावा ?

अनेक टायर-उत्पादकांचा सल्ला असा, की पाच वर्षांच्या वापरानंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि निर्मितीपासून दहा वर्षे झाली, की दिसायला चांगला असला तरी बदलावा. काही मोटार-उत्पादक सहाच वर्षांची मर्यादा सांगतात. म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील सूचना प्रथम पाहावी. उष्ण हवामानात रबर लवकर जुने होते. सबब गोव्यासारख्या प्रदेशात दहा वर्षांची वाट पाहण्यापेक्षा थोडे आधीच बदलणे इष्ट. काढलेला टायर अंगणात टाकू नये. पावसाचे पाणी साचून त्यात डेंग्यूचे डास वाढतात.

शिक्षकांनी फळ्यावर चार अंक लिहून त्यांचा अर्थ मुलांना उलगडून सांगावा. मुले घरी जाऊन उभ्या गाडीजवळ वडीलधाऱ्यांसह तो वाचतील. मग रजेवर आलेला घरधनीही खाचांवर हात फिरवून थांबणार नाही. तो खाली वाकेल आणि चिखल पुसून अंक पाहील. तेथे '३२१४' दिसले, तर बेळगावचा बेत दोन दिवस पुढे ढकलून तो आधी टायरच्या दुकानात जाईल. दोन दिवसांचा हा उशीर घरातील सर्वांच्या जीविताच्या मानाने काहीच नाही.