आकडा की नाव

रायपूर

चि. छोटी,

पहिल्याच नोकरीत धानखरेदीच्या डेटाचा स्कीमा तुझ्याकडे आला, हे वाचून फार बरं वाटलं. तू पाठवलेली स्कीमाची एक्सएसडी फाइल काल रात्री बसून पाहिली. जिथे अंक दिसले तिथे सरसकट ‘इंट’ लावलं आहेस. ते बदल.

आपल्या घरच्या फोनचंच बघ. रायपूरचा एसटीडी कोड ०७७१. त्याला ‘इंट’ दिलंस तरी पडताळणी तक्रार करत नाही, कारण तिच्या लेखी ०७७१ आणि ७७१ एकच. पलीकडचा प्रोग्राम ७७१ घेतो, पुढे ७७१च लिहितो आणि शून्य कुठे गळलं ते माणसं शोधत बसतात. आधारचे १२ अंक तर ‘इंट’मध्ये मावतच नाहीत. पण म्हणून तिथे ‘लाँग’ लावू नकोस. आधार क्रमांकांची कुणी बेरीज करतं का? पिनकोडांची सरासरी काढतं का? ज्याचा हिशेब होत नाही, ते अंकांत लिहिलेलं नावच. त्याला ‘स्ट्रिंग’ दे आणि किती अंक हवेत ते पॅटर्नने बांधून टाक.

धानाचे कट्टे मोजायला ‘इंट’ पुरतं, फक्त किमान १ ही मर्यादा घाल. (‘पॉझिटिव्ह-इंटिजर’ हे नाव मोहात पाडतं. पण त्याला वरची मर्यादाच नाही, जावात त्याचं बिगइंटिजर होतं. साध्या मोजणीला ते ओझं कशाला?)

खरा घोळ बेरजेत होतो. ‘इंट’ २,१४,७४,८३,६४७ वर संपतं. किलोत धरलं तर हे साडेएकवीस लाख टनही भरत नाही. २०२३-२४ च्या हंगामात एकट्या छत्तीसगडात १४४ लाख टनांहून जास्त धान खरेदी झालं. धान खरेदी करणाऱ्या एका समितीच्या रकान्याला पुरलेला प्रकार राज्याच्या बेरजेला पुरत नाही, तिथे ‘लाँग’च हवं.

हे मी सोसून सांगतोय. सुरुवातीच्या एका कामात बेरजेचा रकाना मीच ‘इंट’ ठेवला होता. चाचणीला चार समित्यांचे आकडे घेतले, सगळं सुरळीत. ऐन हंगामात एका संध्याकाळी फाइल पडताळणीतच नाकारली गेली आणि शेतकऱ्यांचे पैसे दोन दिवस अडकले. ते दोन दिवस मी अजून विसरलेलो नाही.

स्कीमा एकदा दहा ठिकाणी गेला की एक प्रकार बदलायलाही दहा जणांची मनधरणी करावी लागते. तेव्हा आधी एखाद्या खरेदी केंद्रावर जा, काट्यापाशी दोन तास उभी राहा, कागदावर काय काय लिहितात ते बघ आणि रविवारपर्यंत नवी एक्सएसडी मला पाठव.

तुझा,
मामा