अंधारात ओळखू येणारं घर

नातसूनबाई, वास्तुशांत झाली, पाहुणे पांगले आणि त्या रात्री भांडी आवरताना तू मला म्हणालीस, "आजी, घर छान झालंय, पण अजून दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं." तेव्हा मी गप्प राहिले. घाईत उत्तर द्यावं असं ते बोलणं नव्हतं. आता सवडीनं सांगते.

या जागेवर आधी मातीचं घर होतं हे तू फोटोत पाहिलंस. कवेलूचं छप्पर, हातभर जाड भिंती, पुढे सपरी, मागे सांदवाडी; तुमच्या रत्नागिरीकडे परसू म्हणतात ती. त्या घरात मी १९७१ साली सून म्हणून आले. माझ्या सासूबाईंना काचबिंदू झाला आणि पन्नाशीतच त्यांची नजर गेली. पुढची अठरा वर्षं त्या त्याच घरात वावरल्या. भाकरी थापत, तूर निवडत, आल्यागेल्याला पाणी देत. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, पण पंचेंद्रियं म्हणजे काय ते मला त्यांनी शिकवलं. एकदा मी सपरीला नवा रंग देऊन त्यांना कौतुकानं सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "चांगलं केलं वो माय. पन घर नाकाले कयलं पायजे, पायाले कयलं पायजे. डोयाचं काय, डोये तं झोपेतही मिटतात."

तेव्हा पहिलं काम हे कर. एका रात्री जेवणं झाली की मेन स्विच बंद कर आणि घरभर अनवाणी फिर. लोडशेडिंगच्या दिवसांत आमची ही परीक्षा रोज व्हायची, आता मुद्दाम घ्यावी लागेल. अंधारात ज्या खोलीत तुला आपण कुठे आहोत ते कळणार नाही, त्या खोलीत काम बाकी आहे असं समज.

आधी नाक. नव्या घराला रंगाचा, सिमेंटचा आणि प्लायवूडचा वास असतो. त्यावर उदबत्त्या आणि स्प्रे मारू नको. दोन महिने सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या उघड्या टाक, वारा आरपार जाऊ दे. वाईट वास घालवल्याशिवाय चांगला वास बसत नाही. न्हाणीची मोरी, कूलरची टाकी, ओलं पोतेरं, ही तीन ठिकाणं आधी. कूलरची टाकी दर आठ दिवसांनी रिकामी करून कडा ब्रशनं घासायच्या आणि उन्हात वाळवायची. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात.

कूलर तुला नवा आहे. तुमच्याकडे समुद्राची दमट हवा, तिथे तो चालतच नाही. आपल्या पांढरकवड्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पण हवा इतकी कोरडी की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून इथे कूलरही चालतो आणि माठही. कूलरला एका बाजूला तरी वाळ्याची ताटी लाव. भर दुपारी तिच्यावर पाणी पडलं की जो वास सुटतो, तो आमच्या घराच्या उन्हाळ्याचा वास आहे. तुझा नवरा लहानपणी बाहेरून तापून यायचा आणि थेट त्या ताटीला नाक लावून उभा राहायचा. त्याला विचार.

माठाचंही ऐकून ठेव. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, मग दोन-तीनदा भरून ओतून द्यायचा. आतून साबण कधी लावायचा नाही. छिद्रं बुजतात, पाणी गार होत नाही आणि साबणाची चव येत राहते. माठ कोपऱ्यात कोंडू नको, जिथून वारा जातो तिथे ओल्या वाळूवर ठेव. आत वाळ्याची जुडी पांढऱ्या फडक्यात बांधून सोड, पण दर दोन दिवसांनी ती काढून कडक उन्हात वाळव. नाहीतर ती बुळबुळीत होते आणि सुगंधाऐवजी कुजका वास देते. दारात आलेल्या माणसाला त्या माठातलं पाणी आणि सोबत गुळाचा खडा. चवीचं यापेक्षा मोठं स्वागत मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या दोघांशी मी भांडून करून घेणार आहे. अंगणात सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरलंय म्हणे. तुळशीभोवती चार-पाच हात जमीन उघडी सोडा. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या काळ्या मातीवर पडतो तेव्हा जो वास येतो, तो मातीतल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेल्या एका द्रव्याचा आणि उन्हाळाभर मातीत मुरलेल्या वनस्पतींच्या तेलाचा असतो. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी त्याला पेट्रिकोर असं नाव दिलं. मी वर्गात ते फळ्यावर लिहायचे आणि पोरं खिडकीकडे बघत बसायची. आपल्या उत्तरेच्या कनौजात तर त्या वासाचं अत्तर काढतात. आपल्याला ते वर्षातून एकदा अंगणात फुकट मिळतं, ते सिमेंटखाली गाडू नका. त्याच तुकड्यावर मला सकाळी शेणसडा टाकता येईल. घराच्या फरशीवर सारवण नाही तर नाही, पण दाराशी सड्याचा वास असला की आत येणारा माणूस आपोआप चप्पल काढतो.

ऋतूप्रमाणे घराचा वास बदलू दे. मार्च-एप्रिलमध्ये टिपेश्वरच्या जंगलाकडच्या बायका मोहाची फुलं वेचतात. ओंजळभर आणून खिडकीत सुपात वाळत घाल. वास गोड आणि जड असतो, पहिल्या दिवशी तुला नको वाटेल. कोलामांच्या पोडांवरून, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवरून, बांबूच्या टोपल्या विकायला येतात, त्या प्लास्टिकच्या बुट्ट्यांऐवजी घे. ताज्या बांबूला हिरवा वास असतो, उचलताना टोपली करकरते आणि बोटांना तिची वीण लागते. कपाटात डांबरगोळ्या घालू नको, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाल. पावसाळ्यात डासांसाठी गोवरीवर निंबाचा पाला जाळायची आमची पद्धत कवेलूच्या घरात ठीक होती, कारण धूर फटींतून निघून जायचा. स्लॅबच्या घरात तो छातीत जातो. तो नाद सोड, मच्छरदाणी बांध.

वासाबद्दल आणखी एक, आणि हे नीट ऐक. तुझा नवरा सुट्टीला शेतात जातो, कपाशीवर फवारणी असते. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दिवस मी पाहिलेत. फवाऱ्याचे कपडे घराचा उंबरठा ओलांडणार नाहीत. सांदवाडीतच काढायचे, वेगळ्या बादलीत, वेगळे धुवायचे, आधी आंघोळ आणि मग लेकराला हात. मजुरांसाठीही तिथे साबण आणि पाणी ठेव. आणि पूर्वी आम्ही पऱ्हाटीच्या जाळावर वांगं भाजायचो, ते आता मी बंद केलंय. औषध मारलेल्या काड्यांचा धूर अन्नाला नको. बाभळीच्या निखाऱ्यावर भाज. कातडी फुटून रस ठिबकला आणि तो खमंग वास गल्लीत गेला, की शेजारीण विचारायला येतेच. भरीत, भाकर, पौष-माघात तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात. स्वयंपाकाचं तुला मी काय सांगावं, तुझ्या हाताला चव आहे. तुझं सोलकढीचं आमसूलही फळीवर दिसू दे. तुझ्या माहेरचा वास या घरात नसेल तर हे घर तुझं कसं होईल?

आता कान. नव्या घरात बोललेलं घुमतं, लक्षात आलं का? गुळगुळीत फरशी, सपाट भिंती, उघडं छत. आवाज आपटून परत येतो. जिथे आवाज घुमतो तिथे माणसं नकळत मोठ्यानं बोलतात आणि मोठ्यानं बोलता बोलता भांडतात. सतरंजी अंथर, जाड सुती पडदे लाव, एका भिंतीला पुस्तकांची फळी कर. कापूस, कापड आणि कागद आवाज पितात. हमरस्त्यावरच्या ट्रकांची घरघर थंडीच्या रात्री आत येते, तीही त्यानं मऊ होते.

पण सगळे आवाज मारू नको. कवेलूवर पाऊस पडायचा तेव्हा सासूबाई पडल्या पडल्या सांगायच्या की हा भुरभुर आहे, हा धो धो आहे, हा पेरणीचा आहे. स्लॅबखाली पाऊस येऊन गेलेला कळत नाही, सकाळी अंगण ओलं दिसतं तेवढंच. म्हणून सांदवाडीत धुण्याच्या दगडावर टिनाचं छोटं शेड टाकून घे. झोपेत पहिला थेंब ऐकू येईल, वाळत घातलेल्या कुरड्या वाचतील आणि पाऊसही घरात आल्यासारखा वाटेल. रेडिओ ठेव, आकाशवाणी यवतमाळ रोज ठरल्या वेळी लाव. लेकरू मोठं झाल्यावर दूर गावी जाईल, तेव्हा त्याला सकाळ म्हणजे तो आवाज आठवेल.

स्पर्शासाठी आपण नशीबवान आहोत, कापसाच्या गावात राहतो. फोमच्या गाद्या या उन्हाळ्यात पाठ भाजतात, घाम शोषत नाहीत. रुई घेऊन गादी भरून घे. दसऱ्यानंतर ऊन स्वच्छ झालं की गाद्या गच्चीवर टाकायच्या, काठीनं झोडायच्या, दुपारी उलटायच्या आणि ऊन उतरायच्या आत घड्या करायच्या. त्या रात्री गादीला उन्हाचा वास येतो. उशांसाठी सावरीचा कापूस मिळाला तर सोडू नको, त्याइतकं मऊ काही नाही. सासूबाईंच्या दोन लुगड्यांची गोधडी माझ्याकडे आहे, ती तुला देते. धुताना पिळायची नाही.

गच्चीला फाल्गुनातच चुन्याचे दोन हात दे. चुन्यात थोडं फेविकॉल घातलं की पावसापर्यंत टिकतो. पांढऱ्या गच्चीवरून ऊन परतून जातं. नाहीतर स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि मध्यरात्रीपर्यंत आपल्या अंगावर ओकतो. मातीची जाड भिंत तापायलाच संध्याकाळ व्हायची, ती सोय आता गेली. उन्हाळ्यात बाराच्या सुमाराला ओल्या फडक्यानं फरशी पूस, तळपायाला बरं वाटतं. जुन्या घराचा सागवानी दरवाजा उंबरठ्यासकट नव्या घराला लावला, याबद्दल मी तुझ्या सासऱ्याला मनापासून आशीर्वाद दिला. त्या कडीवर हात ठेव. चार पिढ्यांच्या बोटांनी ती झिजली आहे.

डोळ्यांसाठी फार काही नको. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद, पिवळा दिवा. खोक्यावर २७०० ते ३००० असा आकडा पाहून घे, आणि दिवा डोक्यावर नको, कमरेच्या उंचीवर असू दे. घरातलं शेवटचं माणूस परत येईपर्यंत पुढच्या ओट्यावरचा दिवा चालू ठेवायचा. बस.

आता भिंतीचं. सासूबाई लहानपणी वडिलांबरोबर सेवाग्रामला गेल्या होत्या. तिथली बापूकुटी मुळात मीराबहेनची, आणि तिच्या मातीच्या भिंतींवर मीराबहेननं मातीचीच उठावाची चित्रं केली आहेत, ताडाची झाडं आणि चरखा. त्या मुलीच्या मनात ते राहून गेलं. इथे संसार सुरू झाल्यावर तिनं माती, शेण आणि गव्हाचं कुटार कालवून झोपायच्या खोलीपासून चुलीपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीनं एक वेल काढली. हौस म्हणून काढली होती. वीस-पंचवीस वर्षांनी नजर गेली, तेव्हा त्या वेलीला बोटं लावत ती चुलीपर्यंत जायची. तिसऱ्या पानानंतर पायरी आहे, फुलाजवळ पाण्याची घागर आहे, हे तिच्या बोटांना पाठ होतं. जुनं घर पाडलं त्या दिवशी मी तो तुकडा काढून ठेवायचा प्रयत्न केला, पण माती हातात विरघळली.

सासूबाईंच्या नजरेवरून आठवलं, काचबिंदू घराण्यात येतो आणि सुरुवातीला काही कळू देत नाही. तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांचा दाब दरवर्षी तपासून घे. तो हसेल, तरी ने.

बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या भिंतीला पुट्टी लावू नको असं मी गवंड्याला सांगून ठेवलंय. सिमेंटवर नुसती माती धरत नाही, तिच्यातही फेविकॉल घालावं लागेल, ते आणून ठेव. रविवारी सकाळी हात मोकळे ठेव, बांगड्या काढून ये. कुटार मी आजच भिजत घातलंय.